रोस्त्रोपोविच : एका वादकाचे ऋण

मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच हे नाव ज्यांना ठाऊक आहे अशांपैकी पुष्कळांनी त्याचा चेलो कधी ऐकलेला नसतो. सोल्झेनित्सिनला आपल्या घरी आसरा देणारा, त्यापायी देशाला मुकलेला, बर्लिनची भिंत खुली झाल्यावर तिच्यापाशी खुर्ची टाकून बाख वाजविणारा माणूस, अशी त्यांना त्याची ओळख असते. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या विसरू नयेत अशाच आहेत. परंतु त्यांनी संगीताच्या रसिकापुढे एक अडचण उभी करून ठेवली आहे. वादकाचे पुण्य त्याच्या स्वराच्या आधी कानांत शिरते, आणि मग आपण नेमके काय ऐकत आहोत, स्वर की पुण्य, हे कळेनासे होते.

माणूस शूर होता म्हणून त्याचे वादन थोर, हे अनुमान टीकेच्या क्षेत्रात टिकणारे नाही. शूर माणसे सामान्य वाजवू शकतात आणि भ्यालेली माणसे असामान्य संगीत निर्माण करू शकतात. याची उदाहरणे रोस्त्रोपोविचच्या अवतीभवतीच होती. याउलट, चरित्र वेगळे आणि वादन वेगळे, टीकाकाराने आपले वादनापुरते पाहावे, ही सोवळी भूमिकाही मला पुरेशी वाटत नाही. रोस्त्रोपोविचच्या बाबतीत या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी आहे असे मला दिसते. ते ठिकाण कोणते, आणि तेथून निघालेल्या प्रवाहाने त्याच्या वादनाला काय दिले व त्यातून काय हिरावून घेतले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्याकडे गाणारा किंवा वाजविणारा हाच निर्माता असतो. बंदिश त्याला परंपरेने मिळालेली असते हे खरे, पण राग उभा राहतो तो त्याच्या त्या दिवशीच्या मांडणीतून. पाश्चात्य अभिजात संगीतात रचनाकार सर्व काही लिहून ठेवतो. स्वर, लय, कोठे हळू, कोठे जोरात, हेदेखील. वादकाच्या वाट्याला मग उरते काय? स्वराचा पोत, दोन स्वरांमधील ओढ, वाक्याचा श्वास, वजन, आणि विराम. एवढ्या अरुंद जागेत व्यक्तिमत्त्व प्रकट करावयाचे आणि तरीही दुसऱ्याच्या शब्दाशी इमान राखावयाचे, ही त्याची कसोटी. आपली फुटपट्टी त्याला लावून चालणार नाही. पण आपल्याकडची एक कल्पना मात्र येथे मला फार उपयोगी वाटते, ती म्हणजे गुरुऋणाची. ती पुढे येईलच.

चेलो हे वाद्य आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी ते वर्षानुवर्षे वाजविले, आणि कितीतरी गाण्यांच्या मागे त्याचा खर्जातला भरलेला स्वर आपण नकळत ऐकत आलो आहोत. चार तारा, व्हायोलिनपेक्षा पुष्कळ मोठा देह, बसून गुडघ्यांमध्ये धरावयाचे आणि गजाने वाजवावयाचे. पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या तारसप्तकापर्यंत त्याची धाव पोचते. सारंगीप्रमाणे त्यालाही कंठाची ओढ आहे. सारंगीप्रमाणेच दीर्घ काळ त्याच्याकडे साथीचे वाद्य म्हणून पाहिले गेले.

याचा परिणाम असा झाला की चेलोसाठी लिहिले गेलेले साहित्य व्हायोलिन व पियानो यांच्या मानाने दरिद्रीच राहिले. मोझार्टचा एकही चेलो कन्चेर्टो आज आपल्यापाशी नाही. बीथोव्हेनने पाच सोनाटा लिहिले, पण एकट्या चेलोसाठी कन्चेर्टो लिहिला नाही. ब्राम्सने दोन सोनाटा दिले आणि कन्चेर्टो दिला तो व्हायोलिनबरोबर वाटून घ्यावयाचा. बाखचे एकट्या चेलोसाठी लिहिलेले सहा सुईट बहुतेक काळ हात तयार करण्याचे धडे म्हणून पडून होते. पाब्लो कासाल्सने ते मैफलीत आणले तेव्हा विसावे शतक उजाडले होते. शूमान, द्वोर्झाक, एल्गार अशी आणखी काही नावे घेतली की यादी आटोपत येते. थोर वादक या तुटपुंज्या भांडवलावर जन्म काढीत. रोस्त्रोपोविचने हे भांडवल वाढविले, आणि माझ्या मते त्याच्या कार्याचा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

तो २७ मार्च १९२७ रोजी बाकू येथे जन्मला. वडील लिओपोल्ड चेलोवादक, आई सोफिया पियानोवादक. मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंब मॉस्कोला आले. पहिला गुरू वडीलच. युद्धाच्या काळात कुटुंबाला ओरेनबुर्गला हलावे लागले आणि तेथे १९४२ मध्ये वडील वारले. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. कमावण्याची आणि शिकण्याची जबाबदारी एकाच वेळी अंगावर आली. १९४३ मध्ये तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. चेलो शिकला तो सेम्योन कोझोलुपोव्ह यांच्याकडे, आणि वाद्यवृंदासाठी लेखन कसे करावे हे शिकण्यासाठी बसला तो दिमित्री शोस्ताकोविचच्या वर्गात. वादक म्हणून तयार होणाऱ्या मुलाने रचनेच्या वर्गात इतका जीव लावावा ही गोष्ट साधी वाटली तरी साधी नाही. स्वरलिपी आतून कशी बांधली जाते हे त्याने बांधणाऱ्याच्या शेजारी बसून पाहिले होते. पुढे चेलोचा शिक्षक म्हणून तो स्वतः बहुधा पियानोपाशी बसे आणि सगळा वाद्यवृंद पियानोवर उभा करून विद्यार्थ्याला वाजवावयास लावी, याचे बीज येथेच आहे.

मग १९४८ साल उजाडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने एक ठराव केला आणि शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, म्यास्कोव्स्की यांच्यावर ‘रूपवादा’चा, म्हणजे लोकांना न कळणारे, लोकविरोधी संगीत लिहिण्याचा आरोप ठेवला. वृत्तपत्रांनी री ओढली. सभा भरल्या, सहकाऱ्यांनी निषेधाची भाषणे केली. त्यांच्या कित्येक रचना वाजविणे बंद झाले आणि शोस्ताकोविचला विद्यालयातील नोकरीवरून काढून टाकण्यात आले. एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी हे सारे पाहत होता. काल ज्यांच्या पायाशी बसावे असे सर्वांना वाटत होते, त्यांच्याकडे आज कोणी बघेना. ज्यांना संगीतातले काही कळत नव्हते अशा माणसांनी, ज्यांना सर्व काही कळत होते अशा माणसांना संगीत म्हणजे काय हे शिकविले. या एका अनुभवातून रोस्त्रोपोविचचे उरलेले सगळे आयुष्य उलगडते असे माझे मत आहे.

त्याने त्या वेळी काही बंड पुकारले नाही. त्याने केले ते एवढेच, की तो प्रोकोफिएव्हच्या घरी जाऊ लागला. प्रोकोफिएव्हचा पहिला चेलो कन्चेर्टो १९३८ मध्ये सादर झाला तेव्हा पडला होता. ठरावाच्या थोडेच आधी या तरुणाने तो पुन्हा वाजविला, प्रोकोफिएव्हने तो ऐकला, आणि ही रचना पुन्हा नव्याने लिहावी असे त्याच्या मनाने घेतले. आता तो आजारी होता, निकोलिना गोरा येथील आपल्या घरी राहत होता, आणि डॉक्टरांनी त्याच्या कामाच्या वेळेवरही बंधने घातली होती. रोस्त्रोपोविच उन्हाळ्यात तेथे जाऊन राही. चेलोवर काय साधते, काय साधत नाही, आणि आजवर साधले नसले तरी काय साधता येईल, हे तो वाजवून दाखवी. १९४९ मध्ये चेलो सोनाटा लिहून झाला आणि १ मार्च १९५० रोजी रोस्त्रोपोविच व स्विआतोस्लाव रिख्तर यांनी तो जाहीर मैफलीत सादर केला. जुन्या कन्चेर्टोचे नवे रूप १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॉस्कोत ऐकावयास मिळाले. त्या दिवशी रिख्तरच्या बोटाला इजा झालेली होती. त्याने वाद्यवृंदाचे संचालन केले, आयुष्यात एकदाच. ही रचना आज ‘सिंफनी-कन्चेर्टो’ या नावाने ओळखली जाते. ५ मार्च १९५३ रोजी प्रोकोफिएव्ह वारला. स्टालिनही त्याच दिवशी गेल्यामुळे या मृत्यूची दखल घ्यावयास कोणाला सवड नव्हती. अपुरी राहिलेली चेलोची एक छोटी रचना रोस्त्रोपोविचने काबालेव्हस्कीच्या मदतीने पुरी केली.

सिंफनी-कन्चेर्टोचा मधला भाग लक्षपूर्वक ऐकावा. चेलो म्हणजे उदास, गंभीर, मंद असा जो संकेत रूढ झाला होता तो येथे पार मोडला आहे. डाव्या हाताचा अंगठा तारेवर आडवा टाकून इतक्या वरच्या पट्टीत आणि इतक्या चपळाईने स्वर काढावे लागतात की व्हायोलिनवादकानेही विचार करावा. आणि तेवढ्यात मध्येच एक रुंद, संथ धून उमलते. हे लेखन एकट्या रचनाकाराला सुचले असेल असे मला वाटत नाही. समोर बसलेल्या तरुणाच्या हातांकडे पाहून ते लिहिले गेले आहे. वादकाला निर्मितीचा अधिकार नाही असे आपण मघाशी म्हटले. अधिकार नसेल, पण निर्मितीला निमित्त होण्याची, तिला दिशा देण्याची शक्ती त्याला असते, आणि रोस्त्रोपोविचने ती जितकी वापरली तितकी त्या शतकात क्वचितच कोणी वापरली असेल.

शोस्ताकोविचच्या बाबतीत प्रकार निराळा झाला. त्याच्याकडून चेलोसाठी काही लिहून घ्यावे ही त्याची फार दिवसांची इच्छा. शोस्ताकोविचची पत्नी नीना हिने त्याला सल्ला दिला होता की, त्याच्याकडून काही हवे असेल तर त्याविषयी त्याच्यापाशी चकार शब्द काढू नकोस. तो वर्षानुवर्षे गप्प राहिला. नीना १९५४ मध्ये वारली. १९५९ च्या उन्हाळ्यात पहिला चेलो कन्चेर्टो लिहून झाला, स्वरलिपी हाती आली, आणि रोस्त्रोपोविचने ती चार दिवसांत पाठ केली. ४ ऑक्टोबर १९५९ रोजी लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्कीच्या संचालनाखाली ती सादर झाली.

या रचनेत चार स्वरांचा एक हट्टी तुकडा सुरुवातीलाच चेलोच्या तोंडी येतो आणि अखेरपर्यंत पाठ सोडीत नाही. वाद्यवृंदात पितळी वाद्यांपैकी हॉर्न तेवढा एकच. तो चेलोला मधूनमधून टोकतो, कधी त्याचीच ओळ उचलतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी चेलोचे अगदी विरळ, शिट्टीसारखे स्वर आणि चेलेस्टाची किणकिण यांचा संवाद होतो, आणि त्यानंतरचा संपूर्ण तिसरा भाग एकट्या चेलोचा आहे. सगळे गप्प आहेत आणि एकजण स्वतःशी बोलतो आहे. चौथ्या भागात स्टालिनच्या आवडत्या ‘सुलिको’ या जॉर्जियन गाण्याचा एक तुकडा इतका वेडावाकडा करून दडविला आहे की तो रोस्त्रोपोविचलाही ओळखू आला नव्हता. शोस्ताकोविचने गुणगुणून दाखविला तेव्हा कळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत, ऑर्मंडीच्या संचालनाखाली आणि शोस्ताकोविचच्या उपस्थितीत झालेले त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते मी अनेकदा ऐकले आहे. पहिल्या चार स्वरांत तो कोठेही वीरश्रीचा आव आणीत नाही. ते कोरडे, थोडे विनोदी, दारावर टिचकी मारावी तसे येतात. धमकी वाढत जाते ती पुनरुक्तीने. तिसऱ्या भागात तर गजाचा वेग इतका कमी आणि स्वर इतका सलग आहे की श्वास कोठे घेतला हे ऐकू येत नाही. रचनाकाराने जेवढे दडविले आहे तेवढेच दडवून ठेवण्याचा संयम या वादनात आहे. रोस्त्रोपोविचला संयम नव्हता असे म्हणणाऱ्यांनी हे ध्वनिमुद्रण ऐकावे.

त्याच्या स्वराबद्दल थोडे सांगितले पाहिजे. कासाल्सचा प्रत्येक स्वर बोलतो. त्याच्या वादनात गद्याची स्पष्टता आहे, शब्द तोडून तोडून तो अर्थ सांगतो. रोस्त्रोपोविच गातो. त्याच्या वादनाचे परिमाण स्वर नव्हे तर ओळ. ती ओळ किती लांबवर ताणता येईल याचा अंदाज तो आरंभीच बांधतो आणि तिच्या शेवटापर्यंत गजाचे वजन शिल्लक ठेवतो. मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा भरघोस आवाज त्याच्यापाशी होता, हे सर्वजण सांगतात. माझ्या मते त्याचा खरा विशेष त्याच्या हळू आवाजात आहे. इतरांचा स्वर हळू झाला की पातळ होतो. याचा स्वर हळू झाला तरी त्याचा गाभा भरलेला राहतो. वाद्याच्या तळाशी तो वाकडी सळई लावी, त्यामुळे चेलो जमिनीकडे अधिक आडवा होई आणि हाताचे वजन गजावर पडे. असल्या तांत्रिक तपशिलाचाही या स्वराशी संबंध असावा.

१९६० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये त्याने शोस्ताकोविचचा हाच कन्चेर्टो वाजविला तेव्हा शोस्ताकोविचशेजारी बेंजामिन ब्रिटन बसला होता. त्या संध्याकाळचे फळ म्हणजे ब्रिटनचा १९६१ चा सोनाटा, १९६४ मध्ये मॉस्कोत प्रथम सादर झालेली चेलो सिंफनी, आणि एकट्या चेलोसाठी तीन सुईट. रोस्त्रोपोविचची पत्नी, बोल्शॉय रंगमंदिराची गायिका गालिना व्हिश्नेव्स्काया हिच्यासाठी ब्रिटनने ‘वॉर रिक्विएम’मधील स्त्रीस्वर लिहिला. १९६२ च्या पहिल्या प्रयोगाला तिला सोव्हिएट सरकारने जाऊ दिले नाही. फ्रान्समध्ये द्युतिये, पोलंडमध्ये लुतोस्वाव्स्की यांनी १९७० मध्ये त्याच्या हाती आपापले कन्चेर्टो दिले. त्याने प्रथम सादर केलेल्या रचनांची संख्या शंभराहून अधिक आहे. सगळ्याच काही टिकणाऱ्या नाहीत. पण वर जी पाचसात नावे घेतली तेवढ्यांनीही चेलोचे दारिद्र्य फिटले.

लुतोस्वाव्स्कीच्या कन्चेर्टोवरून मात्र एक महत्त्वाचा मतभेद झाला, आणि रोस्त्रोपोविचच्या मर्यादा समजून घेण्यास तो उपयोगी आहे. या रचनेत चेलो आरंभी एकटाच, काहीसा बेफिकीरपणे, एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवीत असतो, आणि ट्रंपेट येऊन त्याला दरडावून थांबवतात. हा झगडा पुढे वाढत जातो. रोस्त्रोपोविचला त्यात स्वतःची कथा दिसली. एकटी व्यक्ती आणि तिला चिरडू पाहणारी सत्ता. ट्रंपेट म्हणजे त्याच्या लेखी पक्षाची मध्यवर्ती समिती. लुतोस्वाव्स्कीला इतका शब्दशः अर्थ मान्य नव्हता. त्याच्या दृष्टीने हे स्वरांचे नाट्य होते, आणि ते स्वरांतच राहावे असा त्याचा आग्रह होता. येथे मी रचनाकाराच्या बाजूने आहे. संगीतातील झगडा कोणत्याही एका झगड्याचे भाषांतर झाला की तो लहान होतो. पण हेही कबूल केले पाहिजे की रोस्त्रोपोविचने तो असा समजून वाजविला म्हणूनच ती रचना प्रथम ऐकणाऱ्यांच्या अंगावर आली. कथेवाचून त्याला वाजविता येत नसे. ही त्याची शक्ती, आणि हाच त्याचा दोष.

या ठिकाणी द्वोर्झाकच्या कन्चेर्टोचा प्रश्न येतो. २१ ऑगस्ट १९६८ रोजी सोव्हिएट रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. त्याच संध्याकाळी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएट राज्याचा वाद्यवृंद स्वेतलानोव्हच्या संचालनाखाली वाजविणार होता आणि रोस्त्रोपोविच वाजविणार होता द्वोर्झाक, चेक लोकांचा सर्वांत लाडका रचनाकार. कार्यक्रम आधीच ठरलेला होता. हॉलबाहेर निदर्शने चालू होती, आतही घोषणा झाल्या. वाजविताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि संपल्यावर त्याने द्वोर्झाकची स्वरलिपी उचलून श्रोत्यांना दाखविली. हे सर्व प्रसिद्ध आहे. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आहे. आणि जेमतेम महिन्याभराने बर्लिनमध्ये करायानच्या संचालनाखाली त्याने हीच रचना ध्वनिमुद्रित केली, तेही आहे. एकच वादक, एकच रचना, मध्ये चार आठवडे. टीकाकाराला याहून चांगली संधी कोठून मिळावी?

बर्लिनचे वादन निर्दोष आहे. वाद्यवृंद मखमलीसारखा, चेलोचा स्वर तुडुंब भरलेला, प्रत्येक धून पूर्ण उमलू दिलेली. कधीकधी वाटते, जरा जास्तच उमलू दिलेली. लंडनचे वादन त्यामानाने खडबडीत आहे, त्यात घाई आहे, आणि तरीही मला ते अधिक खरे वाटते. आता येथे सावध राहिले पाहिजे. तारीख ठाऊक नसती तर मला तसे वाटले असते काय? मी मुद्दाम शेवटच्या भागाच्या अखेरीकडे लक्ष देऊन हा प्रश्न स्वतःला विचारला. द्वोर्झाकने हा कन्चेर्टो न्यूयॉर्कमध्ये, मायदेशापासून दूर असताना, १८९४-९५ मध्ये लिहिला. परत आल्यावर त्याची मेव्हणी योसेफिना वारली. तरुणपणी तिच्यावर त्याचे प्रेम होते. म्हणून त्याने शेवट बदलला आणि विजयाच्या गजरापूर्वी एक दीर्घ, मागे वळून पाहणारा निरोप घातला. बर्लिनमध्ये हा निरोप म्हणजे सुंदर सूर्यास्त आहे. लंडनमध्ये त्याची लय रेंगाळत नाही. स्वर लवकर सुटतो, जणू तेथे फार वेळ थांबणे असह्य आहे. हा फरक तारखेवर अवलंबून नाही, तो गजाच्या चालीत आहे, आणि ज्याला तारीख ठाऊक नाही त्यालाही तो ऐकू येईल. मात्र त्या फरकाला ‘लज्जा’ हे नाव देणे हे तारखेचे काम आहे. प्रसंग वादनात उतरतो, पण तो स्वतःचे नाव सांगत नाही. माझ्या मते या वादाचे उत्तर एवढेच देता येते.

१९६९ च्या शरद ऋतूत त्याने सोल्झेनित्सिनला झुकोव्का येथील आपल्या घरी राहावयास जागा दिली. १९७० मध्ये सोल्झेनित्सिनला नोबेल पारितोषिक मिळाले आणि वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. तेव्हा रोस्त्रोपोविचने ‘प्राव्दा’सह चार नियतकालिकांच्या संपादकांना एक पत्र लिहिले. ते देशात छापले गेले नाही, परदेशात छापले गेले. त्या पत्रात राजकीय सिद्धान्त जवळजवळ नाही. तो संपादकांना आठवण देतो ती १९४८ ची. त्या वर्षी तुम्ही प्रोकोफिएव्ह आणि शोस्ताकोविच यांच्याविषयी काय छापले होते ते पुन्हा काढून वाचा, असा त्याचा रोख आहे. ज्यांना कलेतले कळत नाही त्यांचा शब्द कलेत अखेरचा का असावा, हा त्याचा प्रश्न. बावीस वर्षे हा प्रश्न त्याच्या पोटात होता. लेखकाच्या निमित्ताने तो बाहेर पडला, पण तो मुळात दोन संगीतकारांविषयी होता.

गुरुऋण म्हणतो ते हेच. तो जन्मजात बंडखोर नव्हता. स्टालिन पारितोषिक त्याने १९५१ मध्ये घेतले, लेनिन पारितोषिक १९६४ मध्ये. १९६६ मध्ये तो ‘लोककलावंत’ झाला. राज्याने दिलेले सर्व काही त्याने उपभोगले. परंतु ज्यांनी त्याला स्वर दिले त्यांचा अपमान तो विसरू शकला नाही. ज्या वृत्तीने तो आजारी प्रोकोफिएव्हपाशी बसून राहिला, शोस्ताकोविचने आपण होऊन लिहावे म्हणून वर्षानुवर्षे गप्प राहिला, त्याच वृत्तीने त्याने ते पत्र लिहिले. दुसऱ्याने लिहिलेले आपल्या प्राणांनी राखावयाचे, हे वादकाचे व्रत. त्याने ते मैफलीबाहेर नेले, एवढेच.

यावरून धैर्य ही थोर कलेची अट आहे असे कोणी म्हणेल तर मात्र मी ते मानणार नाही. रिख्तर आयुष्यभर राजकारणाविषयी गप्प राहिला, आणि त्या पियानोचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. खुद्द शोस्ताकोविचने १९७३ मध्ये साखारोव्हविरुद्धच्या पत्रकावर सही दिली. ज्याच्या अपमानासाठी शिष्याने देश गमावण्याची तयारी ठेवली, तो गुरू वाकला. आणि त्याच वाकलेल्या माणसाच्या शेवटच्या क्वार्टेटांइतके निर्भय संगीत त्या काळात दुसरे झाले नाही. माणसाचे धैर्य कोठे वस्तीला राहते हे सांगता येत नाही. कोणाच्या सहीत असते, कोणाच्या स्वरात असते, क्वचित एखाद्याच्या दोहोंत असते.

पत्राची किंमत त्याला मोजावी लागली. परदेशचे दौरे बंद झाले, मॉस्कोतील मैफली रद्द होऊ लागल्या, मोठी सभागृहे मिळेनाशी झाली. मे १९७४ मध्ये त्याने देश सोडला, मागोमाग पत्नी व दोन मुली गेल्या. पुढच्याच वर्षी शोस्ताकोविच वारला. १९७८ मध्ये पतिपत्नींचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, ते १९९० मध्ये परत मिळाले. १९७७ पासून १९९४ पर्यंत तो वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी वाद्यवृंदाचा प्रमुख होता. संचालक म्हणून तो असमान होता असेच म्हणावे लागते. चेलोवर जी ओळ तो एका गजात ताणून धरी, ती शंभर माणसांकडून धरविताना लय सैल पडे. अपवाद शोस्ताकोविचच्या रचनांचा. १९७८ मध्ये गालिनासह त्याने ‘लेडी मॅक्बेथ’ हा ऑपेरा ध्वनिमुद्रित केला. १९३६ मध्ये ‘प्राव्दा’ने झोडपलेली ही कृती तिच्या मूळ रूपात जगापुढे ठेवणे हेही ऋण फेडणेच होते.

११ नोव्हेंबर १९८९ रोजी तो बर्लिनच्या भिंतीपाशी बसून वाजविता झाला, तेव्हा त्याने बाख निवडला. १९९१ मध्ये फ्रान्समधील वेझलेच्या चर्चमध्ये त्याने बाखचे सहाही सुईट ध्वनिमुद्रित केले. हा बाख मला पूर्णपणे पटत नाही. प्रत्येक सुईटला त्याने एकेक भाव नेमून दिला आहे, एक हलका, एक दुःखी, एक अंधारलेला, एक सूर्यप्रकाशाचा. येथेही त्याला कथा हवी आहे. बाखला ती नको असते. नृत्याची लय आणि स्वरांची वीण एवढ्यावर तो उभा राहतो, आणि त्याला भावनेचे अस्तर लावले की चाल जड होते. ज्या रचनाकाराशी बोलावयाची सोय नव्हती, ज्याच्या घरी जाऊन राहता येत नव्हते, त्याच्यापाशी हा वादक काहीसा परका राहतो असे वाटते. त्याची प्रतिभा संगतीची होती. समोर जिवंत माणूस असला की ती फुले.

२७ एप्रिल २००७ रोजी तो मॉस्कोत वारला. ज्या नोव्होदेविची दफनभूमीत प्रोकोफिएव्ह आणि शोस्ताकोविच आहेत तेथेच त्यालाही पुरले. त्याच्या धैर्याच्या गोष्टी अजून काही काळ सांगितल्या जातील आणि मग, तो काळच लोकांच्या स्मरणातून गेला की, त्या फिक्या पडतील. सोव्हिएट राज्य म्हणजे काय हे समजावून सांगितल्याशिवाय त्या आजच कित्येकांना कळत नाहीत. पण चेलो शिकणारा विद्यार्थी, मग तो कोणत्याही देशातला असो, एक दिवस शोस्ताकोविचच्या त्या चार स्वरांपाशी येऊन पोचतोच. ते स्वर कोणासाठी लिहिले हे त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच्या अंगठ्याला आणि गजाला मात्र ते कळावे लागते, कारण ते एका विशिष्ट माणसाच्या हातांच्या मापाने बेतलेले आहेत.

ज्या वाचकाला आरंभ करावयाचा आहे त्याने १९५९ चे शोस्ताकोविचचे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकावे, मग लंडनचा द्वोर्झाक, आणि त्यानंतर बर्लिनचा. बाख शेवटी ठेवावा. आणि शक्य झाल्यास हा लेख, व त्यातील तारखा, तेवढ्या वेळापुरत्या बाजूला ठेवाव्यात.